आठ केशरी आणि एक काळा

आमच्या घरातल्या काचेच्या पेटीत नऊ मासे होते आणि त्यातला एक आमच्यासाठी मरायला ठेवलेला होता. मी वाढवून सांगत नाही. जयपूरच्या दुर्गापुऱ्यातला हा फ्लॅट घेतला तेव्हा बाबांच्या विमा कार्यालयातल्या एका सहकाऱ्याने त्यांना वास्तूचा सल्ला दिला: हॉलच्या उत्तरेच्या भिंतीला मासे ठेवा, आठ केशरी आणि एक काळा. घरावर येणारं संकट काळा स्वतःवर घेतो. तो मेला की समजायचं काहीतरी टळलं, आणि त्याच दिवशी दुसरा काळा आणून सोडायचा. बाबा एरवी कुणाच्या सांगण्यावर पटकन विश्वास ठेवणारे नव्हेत. विम्याचे दावे खरे की खोटे हे बघण्यात त्यांचा जन्म गेला. पण गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर ते पाण्याने फुगलेल्या पिशव्यांतून नऊ गोल्डफिश घेऊन आले आणि आईने पेटीच्या काचेला हळदकुंकू लावलं.

मला ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून खटकली. आठ जणांनी मजेत पोहायचं आणि नवव्याने सगळ्यांची पीडा अंगावर घ्यायची, का, तर तो काळा आहे म्हणून! मी स्वतः चांगली सावळी आहे, त्यामुळे असली वाक्यं मला लगेच झोंबतात. मी तसं बोलूनही दाखवलं. आई म्हणाली, "अगं मासा आहे तो. त्याला काय कळतंय?" पेटीची देखभाल मात्र माझ्याकडे आली, कारण घरात दुसऱ्या कुणाला त्या पाण्यात हात घालायचा नव्हता. दर रविवारी मी नळीने तळाची घाण ओढून काढायचे आणि आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं पाणी घालायचे. हात आत गेला की बाकीचे आठ कोपऱ्यात पळायचे. काळा तेवढा पुढे यायचा आणि माझ्या बोटांना तोंड लावून बघायचा.

माझी बोटं बघण्यासारखी आहेतच. चोविसाव्या वर्षी उजव्या हाताच्या पेरांवर पांढरे डाग आले. मग दुसऱ्या हातावर, मग ओठांच्या कोपऱ्यांना, मग डाव्या डोळ्याभोवती. आता मी एकोणतीस वर्षांची आहे आणि माझे दोन्ही हात मनगटापर्यंत जवळजवळ पांढरे झालेत. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं की हे कुणाला लागत नाही, यात दुखत खुपत नाही, आणि ते पसरेल की थांबेल हे सांगता येत नाही. आईने त्यातलं फक्त शेवटचं ऐकलं. तिने बावचीचं तेल आणलं, वांगं बंद केलं, आंबट बंद केलं. आणि कारणही तिचं तिनेच शोधून काढलं. आम्ही मूळचे सांगलीचे. मी लहान असताना रत्नागिरीला एका लग्नाला गेलो होतो, तिथे मी दुपारी माशाची आमटी ओरपली आणि नंतर आईने मला दूध दिलं. मासे आणि दूध. आपल्याकडे शंभर बायकांना विचारलं तर नव्वद हेच कारण सांगतील. त्याला काही आधार नाही, हे डॉक्टरांनी तिला दोनदा समजावलं. तिने मान डोलावली आणि त्या दिवसापासून स्वतः मासे खाणं सोडलं. मला या गोष्टीचा इतका राग यायचा, की मी तिच्यासमोर मुद्दाम दुधाचा पेला घेऊन बसायचे.

जयपूरच्या उन्हाची आईला फार मदत झाली. इथे स्कूटरवरून जाणारी प्रत्येक बाई दंडापर्यंत हातमोजे चढवते आणि तोंडाला ओढणी गुंडाळते, तेव्हा मीही तशीच निघायचे आणि कॉलनीत कुणाला काही दिसायचं नाही. सीतापुऱ्यात पोचलं की मात्र मी सगळं उतरवून ठेवायचे. मी तिथे परदेशात कापड पाठवणाऱ्या एका कारखान्यात रंग तपासते. गिऱ्हाइकाने मंजूर केलेला तुकडा आणि रंगून आलेला तागा, दोन्ही ठरावीक दिव्याच्या पेटीत शेजारी ठेवायचे आणि फरक सांगायचा. हातमोजे घालून ते काम होत नाही, आणि माल निघायच्या घाईत माझ्या हातांकडे बघायला तिथे कुणाला वेळ नसतो. झाकायचं ते मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला, गणपतीच्या आरतीला, ओळखीच्या बँकवाल्या आणि विमावाल्या कुटुंबांत. त्यासाठी आईने डाग झाकायचं क्रीम आणून ठेवलं होतं. माझ्या सावळ्या रंगाशी जुळवून आणलेलं, आणि तरीही अर्ध्या छटेने चुकलेलं. माझ्या टेबलावर ते आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं.

तर संक्रांतीच्या सुमारास, गच्चीगच्चीवर पतंग चाललेले असताना, काळ्याचं पोट उजळायला लागलं. आधी तांबूस, मग पितळी, मग सरळ केशरी. ते पोटाकडून वर चढत गेलं. पाठीवर काळा पट्टा आणि खाली केशरी, असा तो काही आठवडे दोन माशांचा मिळून केल्यासारखा दिसायचा. मला ते बघायला फार आवडायचं. ऑफिसातून आले की मी आधी पेटीसमोर खुर्ची ओढायची. मी वाचून काढलं होतं की यात नवल काहीच नाही. गोल्डफिशची पिल्लं मुळात काळपट, मातकट रंगाचीच असतात आणि वाढता वाढता त्यांचा तो रंग उतरतो. कुणाचा लवकर, कुणाचा उशिरा, कुणाचा कधीच नाही. दुकानदाराने बाबांना काळा मासा म्हणून एक अजून मोठा न झालेला मासा दिला होता, एवढंच. घरावरचं संकट झेलायला आम्ही पोर बसवलं होतं आणि ते पोर आता मोठं होत होतं.

आईला यात गंमत वाटेना. हॉलमधून जाताना ती पेटीकडे बघायची नाही. रंग जाणारं काही तिला घरात नको होतं. बाबा दुकानात जाऊन विचारून आले. तिथल्या माणसाने मासा न बघताच "बीमारी है" म्हणून निळ्या औषधाची बाटली हातात दिली, आणि मी घरी नसताना बाबांनी ती अर्धी पेटीत ओतली. मी आले तर पाणी शाईसारखं, आणि सगळे नऊ मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतायत! मी आकाशपाताळ एक केलं. पाणी बदलता बदलता माझी पाठ मोडली. बाबा दाराशी उभे राहून म्हणत होते, "मतलब, मला वाटलं वेळेवर उपाय केलेला बरा."

थंडी सरली, पाणी जरा कोमट झालं, आणि त्याच्या कल्ल्यांवर पांढरे ठिपके आले. बारीक, वर उठलेले, रव्याच्या कणांसारखे. पुढच्या पंखांच्या कडेलाही तसेच. त्याबरोबर तो दोन केशरी माशांच्या मागे सारखा लागला, दिवसभर पेटीत धावाधाव. मला हसू आवरेना. नर गोल्डफिश वयात आला आणि पिल्लांचा मोसम आला की त्याच्या कल्ल्यांवर हे असे ठिपके उठतात, आणि मोसम संपला की जातात. आईने मात्र ठिपके बघितले, आणि बाबांना आत बोलावून दार लावून घेतलं.

त्यात माझ्यासाठी स्थळ आलेलं होतं. मुलगा पुण्याचा, इथे एका कंपनीत, आई-वडीलही त्याच्याकडे येऊन राहिलेले. रविवारी संध्याकाळी ते घरी येणार होते. त्यांना पाठवलेल्या फोटोत माझे हात ओढणीखाली होते आणि चेहऱ्यावर क्रीमचा थर होता. मुलाच्या आईंचा वास्तूवर भारी विश्वास आहे, हे आईने मला निदान चारदा ऐकवलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मला लग्न करायचंच नाही असं नाही. मला कुणीतरी हवं आहे, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

शनिवारी मी कारखान्यातून आले आणि सवयीने पेटीसमोर बसले. आत आठ केशरी होते आणि एक काळाकुट्ट.

"बघ," बाबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "औषध लागू पडलं शेवटी. पहिल्यासारखा झाला."

माझी नोकरी काय आहे हे माझे बाबा त्या क्षणी साफ विसरले होते. आमच्या काळ्याचा काळा रंग तपकिरीकडे झुकणारा होता, या नव्याचा निळसर होता. शिवाय हा बोटभर लहान होता आणि त्याची शेपटी वेगळी. मी म्हटलं, "बाबा, तो कुठाय?"

"कोण?"

"बाबा."

त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं नाही. मी घर धुंडाळलं. कपडे धुवायच्या बाल्कनीत मोरीजवळ बादली होती आणि तिच्यावर परात पालथी घातलेली. परात उचलली. तो तळाशी होता, अंग चोरून, शेपटीच्या टोकाला तेवढा काळा रंग शिल्लक राहिलेला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी परात तिथेच आपटली. तो आवाज ऐकून दोघंही धावत आले.

आई म्हणाली, "मारत नाही आहोत आम्ही त्याला. उद्या सकाळी हे कानोत्याला जाऊन तिथल्या धरणात सोडून येणार आहेत. मोठं पाणी आहे, सुखात राहील."

"पेटीत वाढलेला आहे तो. दुपारपर्यंत बगळा खाईल त्याला."

"मग खाऊ दे!" आई ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "बाळा, एक दिवस. उद्याचा एक दिवस जाऊ दे. त्या बाई सगळं बघणार. घरात असलं रोगट काही दिसायला नको. तूपण जरा नीट लावून बस. पूर्ण बाह्यांचा कुर्ता घाल. एकदा जमू दे, मग सांगू आपण हळूहळू."

"लग्नानंतर सांगणार?"

"सांगू ना. कधीतरी सांगूच."

मी बादली उचलली. बादली जड होती, पाणी माझ्या पायांवर सांडत होतं, आणि बाबा मागून "मी धरतो, मी धरतो" करत येत होते, पण मी त्यांना हात लावू दिला नाही. मी त्याला ओंजळीत घेऊन पेटीत सोडलं. तो क्षणभर तसाच थांबला, मग कल्ले हलले, आणि तो सरळ त्या दोन केशरी माद्यांच्या मागे लागला. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

"त्याला काहीही झालेलं नाही," मी म्हटलं. "तो वयात आलाय. रंग त्यानेच गेला आणि ठिपके त्यानेच आले. तुम्ही धडधाकट माशाला औषध पाजलंत, बादलीत कोंडलंत, आणि उद्या मारायला नेणार होतात."

बाबा पेटीजवळ वाकले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते ठिपके बघितले. मग माझ्याकडे न बघता, अगदी आशेने विचारलं, "मग तुझंही तसंच असेल का गं? वयाचं? मतलब, आपोआप...?"

ते इतक्या प्रेमाने म्हणाले की त्यांना हो म्हणून टाकावं असं वाटलं. हो बाबा, मीपण सोनेरी होतेय. असलं गोड काही ऐकायला सगळ्यांना आवडतं. पण मला तेही नको होतं. मी अपशकुनही नाही आणि मी उमलतबिमलतही नाही.

"नाही बाबा," मी म्हटलं. "तो मोठा होतोय, ते त्याचं. माझं वेगळं आहे. मला कोड आहे."

आईने तोंडावर हात ठेवला. त्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'तुझं ते' म्हणायचे, फार तर 'डाग'. मी अजून एकदा म्हटलं, "कोड आहे. ते जाईल किंवा जाणार नाही. उद्या मी क्रीम लावणार नाही. तुम्हाला चालत नसेल तर आत्ता फोन करून त्यांना येऊ नका सांगा." आई आत गेली आणि बाबा तिच्या मागे गेले. फोन मात्र कुणी केला नाही.

रविवारी आईने माझ्याशी अवाक्षर न बोलता साटोऱ्या केल्या आणि बाबांनी कोपऱ्यावरून कांद्याच्या कचोऱ्या आणल्या. मी अर्ध्या बाह्यांचा पिवळा कुर्ता घातला. पिवळ्यावर माझे हात फार उठून दिसतात, म्हणूनच घातला. ते तिघे आले. मुलाच्या आई आधी पेटीकडे गेल्या आणि त्यांनी बोट दाखवून मासे मोजले. मग पुन्हा मोजले. नवा काळाही आत होताच, त्याला कुठे टाकणार?

"नऊ केशरी झाले हो तुमचे," त्या आईला म्हणाल्या.

"एकाचा रंग बदलला," आई म्हणाली.

मी बशा घेऊन आले. त्यांच्या पुढ्यात बशी धरली. त्या माझ्या हातांकडे बघत राहिल्या, मग डोळ्याकडे, मग पुन्हा हातांकडे. मुलाच्या वडिलांनी कचोरीचा मोठा तुकडा तोंडात घातला, बोलायला लागू नये म्हणून.

"फोटोत दिसलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"फोटोत लपवलं होतं," मी म्हटलं. "मला कोड आहे. काही विचारायचं असेल तर विचारा, मी सांगते."

त्यांनी विचारलं, मी सांगितलं. कधीपासून, किती, पुढे काय. मुलगा सतरंजीच्या कडेकडे बघत होता. शेवटी तो म्हणाला, "मला तशी काही हरकत नाही." चांगला मुलगा होता. एवढ्या वेळात त्याने माझ्याकडे एकदाच बघितलं, आणि ते वाक्य त्याने त्याच्या आईला सांगितलं, मला नाही. निघताना बाई आईला म्हणाल्या, "कळवतो." दार लागलं आणि आई तिथेच चपलांच्या शेजारी खाली बसली.

तीन-चार दिवस घरात भांड्यांचेच आवाज होते. मग एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. आईचे हात कणकेचे होते, म्हणून तिने बाबांना फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा करायला सांगितला. मी भाजी चिरत होते.

त्या बाई फार सौम्य बोलल्या. मुलाची ना नाही. त्यांची स्वतःचीही आता ना नाही, मुलगी शिकलेली आहे, धीट आहे. आईचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "फक्त एकच," बाई म्हणाल्या. "लग्नात आमच्याकडचे पुण्याचे सगळे येणार. फोटो, व्हिडिओ सगळं असणार. त्या दिवसापुरतं तेवढं झाकायचं बघा. हल्ली इतकं चांगलं मेकअपचं मिळतं. आणि साखरपुड्याला. म्हणजे चार लोकांत जायचं असेल तेव्हा. घरात काही प्रश्न नाही हो."

आईने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ती पाच वर्षं होती, तेल, पथ्य, देव, सगळं, आणि तिने फक्त इतकंच मागितलं होतं की हे जमावं. मी सुरी खाली ठेवली. कोण आधी बोलणार हे मला कळत नव्हतं.

बाबा बोलले. "नाही," ते म्हणाले. ज्या आवाजात ते ऑफिसात खोटा दावा परत करत असतील, त्या आवाजात. "आमची मुलगी जशी आहे तशीच मांडवात येईल. चार लोकांतही तशीच येईल. जमत नसेल तर राहू द्या."

मला धक्का बसला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. तो नकार माझा होता. मी तो इतकी वर्षं तयार करून ठेवला होता आणि बाबांनी तो माझ्याआधी देऊन टाकला. ओटा मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, आणि त्यांच्यावर माझा इतका जीव पूर्वी कधी जडला नव्हता.

पलीकडून बाई म्हणाल्या, "अहो, एकदा मुलीला तरी विचारा. तिचं आयुष्य आहे."

बाबांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"काकू, मीच बोलतेय," मी म्हटलं. "बाबा म्हणाले तेच माझंही आहे. तुमच्या घरात मोकळं आणि लोकांत झाकून असं मला जमणार नाही. एक दिवससुद्धा नाही."

"तू विचार कर, बाळ. रागाच्या भरात..."

"विचार झालाय, काकू."

"मग मी काय बोलू," त्या म्हणाल्या. "तुझ्या आईला तरी या वयात कशाला घोर लावतेस?"

आईने कणकेचे हात तसेच पुढे केले. "दे इकडे," ती म्हणाली. "मलाही बोलायचंय त्यांच्याशी."

पण तोवर पलीकडून फोन ठेवला गेला होता. आई बंद फोन हातात घेऊन तशीच उभी राहिली, त्याला सगळी कणीक लागली, आणि त्या बाईंना जे सुनावायचं होतं ते तिने मोठ्या आवाजात, बाल्कनीचं दार सताड उघडं असताना, आम्हा दोघांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सुनावलं.